बातमी बिघडते ती लिहिण्याआधी

वाचकांचे प्रश्न

शाळेची भित्तिपत्रकं, महाविद्यालयांची नियतकालिकं आणि विद्यार्थी दैनिकांकडे पाठवतात त्या बातम्या, यांविषयी गोव्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: आमच्या नववी-दहावीच्या मुलांचं मराठी चांगलं आहे. शुद्धलेखन नीट, वाक्यं सुबक. पण बातमी लिहायला दिली की ती एक तर निबंध होते, नाही तर कार्यक्रमाचा अहवाल. भाषेचे आणखी स्वाध्याय द्यावेत का?
— शिक्षिका, डिचोली

उत्तर: बाई, भाषेचे स्वाध्याय वाढवून हे सुटणार नाही. मुलांनी दोनच नमुने पाहिलेले असतात, निबंध आणि स्नेहसंमेलनाचा अहवाल. अहवाल घड्याळाप्रमाणे चालतो: दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांची ओळख, भाषण, आभार. बातमी वाचणारा माणूस कार्यक्रमाला नव्हता आणि तिथला क्रम जाणून घेण्यात त्याला रस नाही. त्याला हवं असतं ते इतकंच, की काल माहीत नसलेलं आज काय कळलं, आणि त्याचा माझ्याशी काय संबंध.

एक नमुना घेऊ. असा मजकूर तुमच्याकडे दर महिन्याला येत असेल:

‘आमच्या विद्यालयात जलसंवर्धन या विषयावरील कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला. मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्यात आले. प्रमुख पाहुण्यांनी पाण्याचे महत्त्व विशद करून मोलाचे मार्गदर्शन केले. कार्यक्रमास विद्यार्थी व पालक बहुसंख्येने उपस्थित होते.’

यात भाषेची चूक एकही नाही. आता समजा, हेच पाहुणे पाणी तपासणारे अभियंते होते आणि भाषणाच्या मध्यावर ते म्हणाले की गावातल्या 9 विहिरी तपासल्या, त्यांतल्या 4 विहिरींचं पाणी पिण्यालायक नाही. मग बातमी अशी:

‘गावातील तपासलेल्या 9 विहिरींपैकी 4 विहिरींचे पाणी पिण्यायोग्य नाही, अशी माहिती अभियंत्यांनी सोमवारी विद्यार्थ्यांना दिली. या विहिरींवर आठ दिवसांत फलक लावले जाणार आहेत.’

दुसरा मजकूर लिहिणाऱ्या मुलाचं मराठी पहिल्यापेक्षा सरस आहे असं नाही. भाषण ऐकताना त्याचा कान टवकारला आणि भाषण संपल्यावर तो उठून पाहुण्यांकडे गेला, फरक एवढाच. तिथे त्याने विचारायचे प्रश्न: त्या 4 विहिरी कोणत्या? नमुने कधी घेतले? पाण्यात काय सापडलं? त्या विहिरींवर किती घरं अवलंबून आहेत? तोवर त्यांनी पाणी कुठून आणायचं? पहिला मजकूर लिहिणारा मुलगाही त्याच सभागृहात बसला होता, पण यातलं काहीच त्याच्या वहीत आलं नाही. मग घरी जाऊन त्याने रिकाम्या जागी ‘मोलाचे मार्गदर्शन’ भरलं. शाळकरी बातमी बहुतेक वेळा इथे बिघडते, कागदावर पेन टेकण्याच्या आधी.

वर्गात करायचं ते असं. चाळीस मिनिटांच्या तासात पहिली पंधरा मिनिटं मुलांना एका माणसाला प्रश्न विचारू द्या. शाळेचे शिपाई, कँटीन चालवणाऱ्या बाई, ग्रंथपाल, कुणीही चालेल. पुढची दहा मिनिटं वहीत तीन रकाने: स्वतः पाहिलं, कुणी सांगितलं (नाव आणि हुद्द्यासह), अजून कळलेलं नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत 120 शब्दांची बातमी. मुलं तिसरा रकाना रिकामा ठेवतात. तो भरल्याशिवाय लिहू देऊ नका, कारण पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा हे तोच सांगतो.

आणि गुणांची विभागणी बदला. 20 पैकी 12 गुण माहितीला, 8 भाषेला. अलंकारिक भाषेला गुण मिळत राहिले तर मुलं अलंकारच लिहिणार. ‘उत्साहात संपन्न’, ‘मान्यवर’, ‘बहुसंख्येने’, ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’ ही शब्दयोजना महिनाभर बंद करून पाहा. ‘बहुसंख्येने’ लिहिणाऱ्याने माणसं मोजलेली नसतात. ‘मान्यवर’ लिहिणाऱ्याने नावं विचारलेली नसतात.

प्रश्न: पहिल्या वाक्यात कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे हे सहाही ककार आले पाहिजेत असं आम्हाला शिकवतात. तसं केलं की वाक्य वाचवत नाही.
— प्रथम वर्षाचा विद्यार्थी, फोंडा

उत्तर: सहाही ककार तुमच्या वहीत हवेत. पहिल्या वाक्यात नेमके दोन-तीनच पुरतात. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे विशेषणांचं शेपूट जितकं लांबवाल तितकी बातमी मागे ढकलली जाते. हे वाक्य पाहा:

‘पेडणे तालुक्यातील एका गावात गेल्या अनेक वर्षांपासून दुरुस्तीच्या प्रतीक्षेत असलेल्या व दोन वेळा निविदा काढूनही काम सुरू न झालेल्या पुलाच्या कामाबाबत ग्रामस्थांनी रविवारी झालेल्या ग्रामसभेत आक्रमक भूमिका घेत पंचायत मंडळाला जाब विचारला व महिन्याभरात काम सुरू न झाल्यास रस्ता अडवण्याचा ठराव संमत केला.’

43 शब्द. बातमी सुरू होते चौतिसाव्या शब्दाला, तोवर वाचक पान उलटून गेलेला असतो. त्याऐवजी:

‘पुलाचे काम महिन्याभरात सुरू झाले नाही तर रस्ता अडवण्याचा ठराव ग्रामसभेने रविवारी संमत केला. या कामासाठी आतापर्यंत दोनदा निविदा निघाल्या, काम मात्र सुरू झालेले नाही.’

पहिलं वाक्य 14 शब्दांचं झालं. गावाचं नाव डेटलाइनमध्ये, म्हणजे बातमीच्या सुरुवातीला ठिकाण देतात तिथे, गेलं. ‘आक्रमक भूमिका’ आणि ‘जाब विचारला’ गळले, कुणाचं काही अडलं नाही. ‘का’ हा ककार सहसा पहिल्या वाक्यात बसतच नाही, कारण कारणाबद्दलच वाद असतो. तो तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात, कोण काय म्हणतो यासह यावा.

ग्रामसभेच्या बातमीत एक चूक हमखास होते. चर्चा झाली की मुलं ‘ठराव घेतला’ असं लिहून मोकळी होतात. ठरावाला सूचक असतो, अनुमोदक असतो आणि तो इतिवृत्तात नोंदला जातो. सभा संपल्यावर पंचायत सचिवांना विचारून ही दोन्ही नावं आणि ठरावाचे नेमके शब्द लिहून घ्या. नोंद झाली नसेल तर ‘मागणी केली’ एवढंच लिहावं.

महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली, या मांडणीमागे कामाची गरज आहे. रात्री नऊ वाजता पानावर जाहिरात आली की उपसंपादक 250 शब्दांची बातमी 120 वर आणतो, आणि घाईत तो खालून कापतो. शेवटच्या परिच्छेदात तुम्ही दुसऱ्या बाजूचं म्हणणं ठेवलं असेल तर ते गेलं, आणि छापील बातमी एकतर्फी ठरली. म्हणून लिहून झाल्यावर शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि वाचा. मग त्याच्या वरचाही झाका. उरलेलं पूर्ण आणि न्याय्य वाटलं पाहिजे.

प्रश्न: आमच्या गावात खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं. मी बातमी लिहून एका दैनिकाला पाठवली. ‘एकतर्फी आहे, माहिती अपुरी आहे’ म्हणून परत आली. मी तर डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं होतं.
— विद्यार्थी, तिसवाडी

उत्तर: तुझी बातमी पत्रासोबत वाचली. पाहिलेलं तू चांगलं टिपलं आहेस, पण तिथेच थांबलास. ‘शेकडो हेक्टर शेती पाण्याखाली’, ‘प्रशासनाचे दुर्लक्ष’, ‘शेतकरी हवालदिल’, या तिन्ही वाक्यांना आधार दिलेला नाही. एकेक घेऊ.

भगदाड किती मीटरचं आहे? ओहोटीला जा आणि सुरक्षित अंतरावरून, कुणी जाणतं सोबत घेऊन अंदाज घे. फोटोत बाजूला माणूस उभा असेल तर वाचकालाही माप कळतं. बांध नेमका कधी फुटला? त्या दिवशी भरती किती वाजता होती? रात्री फुटला असेल तर पहिल्यांदा कुणी पाहिलं? बांधच फुटला की मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची, दारं निकामी झाली? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची दुरुस्ती वेगळी आणि जबाबदार माणसंही वेगळी असू शकतात.

क्षेत्रफळ. गोव्यात जमीन चौरस मीटरमध्ये बोलली जाते, सरकारी कागदात हेक्टरही येतात. 1 हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. शेतकरी ‘दोन लाख मीटर गेलं’ म्हणाला तर ते 20 हेक्टर झालं, ‘शेकडो’ नव्हे. पाण्याखालच्या शेतांचे सर्व्हे क्रमांक घे आणि जमिनीच्या नोंदीचा फॉर्म एक व चौदा, म्हणजे ज्याला सगळे वन-फोर्टीन म्हणतात, त्यावरचं क्षेत्र बेरीज करून पाहा. बेरीज आणि शेतकऱ्याचा अंदाज जुळला नाही तर दोन्ही आकडे द्यावेत आणि कुठला कुठून आला ते सांगावं.

पीक कोणत्या अवस्थेत होतं? पेरणी झाली होती, लोंबी धरली होती, की शेत रिकामं होतं? नुकसानाचा अर्थ यावर ठरतो. रिकाम्या शेतात शिरलेलं मीठ पावसाने बरंचसं धुऊन जातं. उभं पीक मात्र हातचं जातं. कोरगुटसारखं खारेपणा सोसणारं भात होतं की दुसरं, हेही विचार.

आता ‘दुर्लक्ष’. हा शब्द सिद्ध करायला कागद लागतो. आधी तक्रार केली होती का? कुणाकडे? पोचपावतीवर आवक क्रमांक आणि तारीख आहे का? ती प्रत तुझ्या हातात असेल तर ‘दुर्लक्ष’ लिहायची गरज उरत नाही. ‘बांधाला तडे गेल्याची तक्रार शेतकऱ्यांनी मार्चमध्ये केली होती, बांध जूनमध्ये फुटला’, हे वाचून वाचक काय ते समजतो.

कारण लिहिताना सर्वांत जपून राहा. खाजनात शेती आणि मासळी यांचे हितसंबंध एकमेकांना छेद देतात. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, आणि मासळीसाठी दारं उघडी ठेवल्याने खारं पाणी आत येतं अशी तक्रार शेतकरी करतात. शेतकऱ्याने असं सांगितलं तर ते त्याच्या नावावर लिही आणि त्याच दिवशी लिलाव घेतलेल्या माणसाला विचार. कूळ संघटनेच्या पदाधिकाऱ्यांशी, मामलेदार कचेरीशी आणि विभागीय कृषी कार्यालयाशी बोलणं झालं पाहिजे. कुणी फोन उचलला नाही तर ‘दुपारी 3 आणि सायंकाळी 5 वाजता संपर्क साधला, प्रतिसाद मिळाला नाही’ असं वेळेसह लिहिता येतं. एकदाच रिंग देऊन ‘प्रतिसाद मिळाला नाही’ लिहिणं मात्र गैर आहे.

एवढं जमवल्यावर बातमी दोनशे शब्दांत बसेल, आणि ‘हवालदिल’ची जागा एका शेतकऱ्याचं एक वाक्य घेईल.

प्रश्न: माणसं कोंकणीत बोलतात, आम्ही बातमी मराठीत लिहितो. अवतरणचिन्हांत मराठी वाक्य घातलं तर ते त्यांचं म्हणणं ठरतं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, काणकोण

उत्तर: ठरतं, पण काळजी घेऊन. वहीत टिपताना कोंकणीतच टिपा. ऐकता ऐकता मराठी करत गेलात की माणसाचं बोलणं तुमच्या सवयीच्या वाक्यात ओतलं जातं. ‘चडशीं घरां’ म्हटलं असेल तर मराठीत ‘बहुतेक घरे’ यावं, ‘सगळी घरे’ झालं की आरोप मोठा होतो. तयार मराठी वाक्य त्यांना एकदा वाचून दाखवा, फोनवर चालेल. आरोप, आश्वासन किंवा इशारा असेल, म्हणजे उद्या ज्या शब्दांवरून वाद होऊ शकतो ते, तर कोंकणी वाक्य जसंच्या तसं छापा: ‘‘आमचें सगळें शेत खाऱ्या उदकांत गेलें.’’ गोव्यातल्या वाचकाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तुम्ही सारांश दिला असेल तर अवतरणचिन्हं नकोत.

‘म्हणाले’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा आलं म्हणून घाबरू नका. विविधता म्हणून मुलं ‘स्पष्ट केले’, ‘कबूल केले’, ‘दावा केला’ असं आलटून पालटून लिहितात आणि नकळत न्यायनिवाडा करून बसतात. ‘स्पष्ट केले’ म्हटलं की ते खरं धरलं, ‘कबूल केले’ म्हटलं की माणूस दोषी ठरला, ‘दावा केला’ म्हटलं की त्याच्यावर अविश्वास दाखवला.

प्रश्न: पावसाच्या बातमीत इंच लिहावेत की मिलिमीटर? आणि ‘मुसळधार’ कधी म्हणायचं?
— विद्यार्थी, वाळपई

उत्तर: गोव्यात पाऊस इंचात बोलतात, हवामान खातं मिलिमीटरमध्ये मोजतं. दोन्ही द्या, 1 इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. 24 तासांचा आकडा आदल्या सकाळी 8.30 ते त्या सकाळी 8.30 असा असतो. म्हणून ‘मंगळवारी 5 इंच पाऊस’ लिहिण्याआधी त्यातला किती सोमवारचा आहे ते पाहावं. खात्याच्या मोजणीत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पडला तर मुसळधार, 115.6 ते 204.4 पर्यंत अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. 5 इंच म्हणजे 127 मिलिमीटर, म्हणजे अतिमुसळधार. कुठल्या केंद्रावरची नोंद हेही लिहा. वाळपईतला पाऊस पणजीला लागू नाही.

टक्क्यांचंही असंच. शाळेचा निकाल 80 वरून 90 टक्क्यांवर गेला तर वाढ 10 टक्केबिंदूंची आहे, टक्क्यांत ती साडेबारा होते. आणि परीक्षेला 10च मुलं बसली असतील तर टक्के सोडून मुलांची संख्याच द्यावी.

प्रश्न: मुलांनी भित्तिपत्रकासाठी एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराची बातमी लिहिली. नाव दिलं नव्हतं, वाडा आणि शाळा दिली होती. मी ती लावू दिली नाही. मुलं नाराज आहेत.
— मुख्याध्यापक, बार्देश

उत्तर: सर, तुम्ही योग्य केलंत आणि मुलांना कारण कायद्यासह सांगा. पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, 2012, याच्या कलम 23 नुसार मुलाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार किंवा ओळख पटेल अशी कोणतीही माहिती प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 74 गुन्ह्यातल्या पीडित आणि साक्षीदार मुलांबरोबरच ज्या अल्पवयीनावर आरोप आहे त्यालाही हेच संरक्षण देतं. पीडिता सज्ञान असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे. भित्तिपत्रक लहान म्हणून हात सैल सोडता येत नाही.

कायद्यापलीकडे मुलांना दाखवायचं ते हे: ‘सत्तरीतल्या एका गावातली, आठवीत शिकणारी, वडील बसचालक’. यात नाव कुठेच नाही. पण आपली गावं लहान आहेत, वाचणाऱ्या प्रत्येकाला घर कळतं. तपशील सुटे तपासून भागत नाही, ते सगळे एकत्र ठेवून पाहावे लागतात. आरोपी जवळचा नातेवाईक असेल तर त्याचं नाव छापणं म्हणजे मुलीचं नाव छापणंच. अशा बातमीत तालुका आणि पोलिसांनी कोणती कलमं लावली एवढं पुरतं. हे संयम शिकवणारं काम आहे आणि ते शाळेतच शिकवलं गेलं पाहिजे.

प्रश्न: बातमीचा मथळा आधी लिहावा की नंतर?
— विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर: नंतर. पाच ते सात शब्द, त्यात शक्यतो क्रिया असावी, आणि मथळ्यातली प्रत्येक गोष्ट बातमीत सापडली पाहिजे. पोलिसांनी अटक केली एवढंच कळलं असेल तर मथळ्यात ‘चोर पकडला’ येऊ नये, ‘चोरीप्रकरणी एकाला अटक’ यावं.

प्रश्न: पंचायतीने किती खर्च केला हे विचारलं की ‘नंतर या’ म्हणतात. माहिती अधिकाराचा अर्ज विद्यार्थ्यांच्या बातमीला उपयोगी पडतो का?
— पदवीचे विद्यार्थी, केपे

उत्तर: पडतो, पण आजच्या बातमीला नाही. माहिती अधिकार कायदा, 2005 नुसार उत्तर द्यायला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून हा मार्ग पाठपुराव्याच्या बातमीसाठी ठेवा. आधी कलम 4 आठवा. अंदाजपत्रक, योजनांचे लाभार्थी अशी बरीच माहिती कार्यालयाने आपणहून खुली ठेवायची असते. ती फलकावर किंवा संकेतस्थळावर आहे का ते पाहा.

अर्ज करायचाच तर शुल्क 10 रुपये. ‘रस्ता का केला नाही?’ असा प्रश्न घातलात तर हाती काही लागणार नाही, कारण या कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. कागदाचं नाव घेऊन मागा: ‘अमुक वाड्यावरील रस्त्याच्या कामाचा आदेश, मोजमाप पुस्तकातील संबंधित पानं आणि बिलांच्या प्रती, 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024’. एका अर्जात एकच काम ठेवा. पाच कामं एकत्र विचारली की सगळ्यात जाड फाइल सापडेपर्यंत बाकीचे कागदही अडकतात. अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, 30 दिवस त्या तारखेपासून मोजायचे. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. अर्ज केल्याची तारीख आणि उत्तर न मिळाल्याची नोंद बातमीत जरूर द्या.